जीव आणि रोजी : अल्लाहच्या दोन अमानती

दिव्य कुरआनच्या अखेरच्या भागात अवघ्या चार आयतींची एक सूरह आहे, सूरह कुरैश. आपल्यापैकी बहुतेकांना ती बालपणापासून पाठ आहे आणि नमाजमध्ये आपण तिचे वारंवार पठण करतो. कुरैशचे व्यापारी काफिले हिवाळ्यात यमनकडे आणि उन्हाळ्यात शामकडे निघत. त्या व्यापाराचा उल्लेख करून अल्लाह कुरैशला आवाहन करतो की त्यांनी काबागृहाच्या पालनकर्त्याची उपासना करावी. या पालनकर्त्याची ओळख तेथे दोन उपकारांनी करून दिली आहे. त्याने भुकेच्या वेळी अन्न दिले, हा पहिला उपकार. त्याने भयापासून अभय दिले, हा दुसरा.

वाचक बंधू-भगिनींनो, हे दोन उपकार एकाच आयतीत शेजारी-शेजारी उभे आहेत. अन्न आणि सुरक्षितता, रोजी आणि जीव. २०२० सालात मात्र हेच दोन उपकार एकमेकांचे शत्रू असल्यासारखे आपल्यासमोर उभे राहिले होते. दुकान उघडले तर रोगाची भीती, बंद ठेवले तर चूल विझण्याची भीती. घराघरांत या प्रश्नावर वाद होत होते. तरुण मुलगा म्हणतो की किती दिवस बसून खाणार? वृद्ध पिता म्हणतात की जीव राहिला तर पैसा पुन्हा मिळेल. दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि म्हणूनच प्रश्न अवघड आहे. अशा प्रसंगी शरीअत आपल्याला काय शिकविते, हे या लेखात पाहावयाचे आहे.

परिस्थिती काय होती?

२५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि ती टप्प्याटप्प्याने ३१ मेपर्यंत वाढत गेली. मशिदींत जमाअत थांबली, जुम्याची नमाज थांबली. रमजानच्या तरावीह आपण घरी अदा केल्या आणि ईदची नमाजही घरातच अदा केली. जूनच्या पहिल्या आठवड्यात ‘मिशन बिगिन अगेन’ या नावाने महाराष्ट्र शासनाने निर्बंध हळूहळू सैल करण्यास प्रारंभ केला. ३ जूनपासून काही किरकोळ कामांना, ५ जूनपासून रस्त्याच्या एका बाजूची दुकाने एक दिवसाआड उघडण्यास आणि ८ जूनपासून खाजगी कार्यालयांत दहा टक्के उपस्थितीस परवानगी मिळाली. प्रार्थनास्थळे मात्र आपल्या राज्यात तेव्हाही बंदच होती. सौदी अरबनेही २२ जून रोजी जाहीर केले की त्या वर्षीचा हज तेथे राहणाऱ्या मोजक्या लोकांपुरताच मर्यादित राहील.

या काळात आपण दोन प्रकारचे मृत्यू पाहिले. एक मृत्यू विषाणूने आणला. दुसऱ्या मृत्यूची आठवण ८ मेच्या पहाटेची आहे. जालन्याच्या एका कारखान्यातील मजूर काम बंद पडल्यामुळे गावाकडे जाणारी रेल्वे गाठण्यासाठी भुसावळच्या दिशेने पायी निघाले होते. औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ थकून ते रुळांवरच झोपी गेले आणि मालगाडीखाली सोळा जण दगावले. रुळांवर त्यांच्या भाकऱ्या विखुरल्या होत्या. त्यांचा जीव कोणत्याही विषाणूने घेतला नव्हता.

म्हणून ‘जीव महत्त्वाचा की पैसा’ ही प्रश्नाची मांडणीच अपुरी आहे. श्रीमंताच्या बाबतीत पैसा ही तिजोरीतील वस्तू असेल, पण नाक्यावरच्या बिगाऱ्यासाठी, धुणीभांडी करणाऱ्या भगिनीसाठी, हातगाडीवाल्यासाठी आजची मजुरी म्हणजे आजचे अन्न होय. तेथे दोन्ही बाजूंना जीवच आहे. म्हणून तोलावयाचे आहेत ते जीवाचे दोन धोके. आणि तोलताना विचारावयाचा प्रश्न हा की या धोक्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर पडत आहे?

शरीअतची पाच उद्दिष्टे

इमाम गजाली (रह.) यांनी आणि त्यांच्यानंतर स्पेनमधील इमाम शातिबी (रह.) यांनी शरीअतच्या समस्त आदेशांचा अभ्यास करून दाखवून दिले की या आदेशांमागे पाच गोष्टींचे संरक्षण हा हेतू आहे : धर्म, जीव, बुद्धी, वंश आणि संपत्ती. जीवाचे स्थान या यादीत उच्च आहे. एका निरपराध्याचा जीव घेणे हे समस्त मानवजातीचा वध करण्यासारखे आणि एकाचा जीव वाचविणे हे समस्त मानवजातीला वाचविण्यासारखे आहे, ही शिकवण सूरह अलमाइदामध्ये (आयत ३२) आली आहे. आपल्याच हातांनी स्वतःला विनाशात लोटण्याची मनाई सूरह अलबकरामध्ये (आयत १९५) आहे.

परंतु संपत्तीही त्याच यादीत आहे, हे विसरू नये. जुम्याची नमाज संपताच धरतीवर पसरून अल्लाहची कृपा, म्हणजे रोजी, शोधण्याचा आदेश सूरह अलजुमुआमध्ये (आयत १०) दिला गेला आहे. हलाल कमाईसाठी घराबाहेर पडणारा माणूस इस्लामच्या दृष्टीने लोभी ठरत नाही. तो एक कर्तव्य पार पाडत असतो.

या विद्वानांनी आणखी एक पायरी समजावून सांगितली, जी आज अत्यंत उपयुक्त आहे. मानवी गरजांचे तीन स्तर आहेत. पहिला ‘जरूरियात’, ज्यांच्याविना जीवन टिकत नाही. दुसरा ‘हाजियात’, ज्यांच्याविना जीवन टिकते पण अडचणीचे होते. तिसरा ‘तहसीनियात’, ज्यांच्यामुळे जीवनाला शोभा येते. धान्याचे दुकान, दवाखाना, शेतीची पेरणी, रोजंदारीचे काम हे पहिल्या स्तरात मोडतात. कापडाचे दुकान किंवा भांड्यांची दुरुस्ती दुसऱ्या स्तरात. पाचशे पाहुण्यांचा वलीमा, मंगल कार्यालयातील थाटमाट, मित्रमंडळींच्या मेजवान्या हे तिसऱ्या स्तरात. बंद केलेली दारे उघडावयाची असतील तर ती याच क्रमाने उघडावयास हवीत. संकट पुन्हा वाढले तर ती उलट क्रमाने बंद व्हावीत, म्हणजे शोभा आधी थांबेल आणि भाकरी सर्वांत शेवटी. एखाद्या समाजात मेजवान्या सुरू असतील आणि मजुराचे काम मात्र बंद असेल, तर त्या समाजाचा तराजू उलटा झाला आहे असे समजावे.

प्रेषितांची शिकवण : सावधगिरी ही श्रद्धेचाच भाग

काही श्रद्धावंतांच्या मनात येते की रोग आणि मृत्यू अल्लाहच्या हाती असताना मास्क कशाला आणि अंतर कशाला? याचे उत्तर प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या वर्तनात आहे. उंटाचा पाय बांधून मग अल्लाहवर भिस्त ठेवण्याची त्यांची शिकवण सर्वपरिचित आहे. सकीफ कबिल्याच्या शिष्टमंडळात एक कुष्ठरोगी होता. त्याला प्रेषितांनी (स.) निरोप पाठविला की तुमची बैअत आम्ही स्वीकारली आहे, तुम्ही परत जावे. त्या माणसाचा मान राखला गेला, त्याची बैअतही मान्य झाली, आणि लोकांचे संरक्षणही झाले. जोरदार पावसाच्या दिवशी अजानमध्येच घरी नमाज अदा करण्याची घोषणा करण्याची प्रथा सहाबांनी प्रेषितांपासूनच (स.) घेतली होती.

व्यापाराशी थेट संबंध असलेली एक हदीस विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. आजारी उंटांच्या मालकाने आपले उंट निरोगी उंटांच्या कळपात आणू नयेत, असा आदेश प्रेषितांनी (स.) दिला. उंट हे त्या काळी भांडवल होते. आपल्या उंटांना पाणी पाजण्याचा, बाजारात नेण्याचा मालकाला हक्क होता. तरीही दुसऱ्याच्या कळपाला धोका असेल तर त्या हक्काला मर्यादा घातली गेली. विशेष म्हणजे हा आदेश आजारी कळपाच्या मालकाला दिला गेला आहे. धोका ज्याच्याकडून पोहोचू शकतो, जबाबदारी प्रथम त्याची.

इतिहासाने या शिकवणीची साक्ष दिली आहे. सहीह बुखारीचे थोर भाष्यकार इमाम इब्ने हजर अस्कलानी (रह.) यांनी प्लेगवर ‘बज्लुल माऊन’ हा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांच्या तीन मुली प्लेगमध्ये दगावल्या होत्या. हिजरी ८३३ मधील कैरोची हकीकत त्यांनी नोंदविली आहे. प्रारंभी शहरात दिवसाला चाळीसपेक्षा कमी मृत्यू होत होते. मग लोकांनी तीन दिवस रोजे ठेवले आणि शहराबाहेर एकत्र जमून सामूहिक दुआ केली. त्यानंतर एक महिना उलटण्याच्या आतच मृत्यूंची संख्या दिवसाला हजाराच्या वर गेली. दुआ ही तर मोमिनचे शस्त्र आहे. पण दुआसाठी जमलेल्या गर्दीलाही रोग सोडत नाही, हे एका महान हदीसवेत्त्याने सुमारे सहाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. बाजारातील गर्दीला तो कसा सोडेल?

हिजरी १८ : एकाच वर्षी दोन संकटे

या प्रश्नाला सर्वांत जवळचा दाखला आदरणीय उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत सापडतो. शाममध्ये अमवासची महामारी आणि मदीना व हिजाजमध्ये ‘आमुर्रमादा’ म्हणजे राखेच्या वर्षाचा दुष्काळ, ही दोन्ही संकटे हिजरी १८ च्या सुमारास कोसळली. एकाच खलीफासमोर एकीकडे रोग आणि दुसरीकडे भूक.

आदरणीय उमर (रजि.) शामच्या दौऱ्यावर निघाले असता सर्ग या ठिकाणी त्यांना महामारीची वार्ता मिळाली. त्यांनी प्रथम मुहाजिरांना बोलावून सल्ला घेतला. त्यांच्यात मतभेद झाले. मग अन्सारांना बोलाविले; त्यांच्यातही मतभेद झाले. अखेर कुरैशच्या ज्येष्ठांना विचारले आणि त्यांनी एकमताने परत फिरण्याचा सल्ला दिला. खलीफांनी परतीचा निर्णय घेतला तेव्हा आदरणीय अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की हे अल्लाहच्या नियतीपासून पळणे नव्हे काय? उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा होता की आपण अल्लाहच्या एका नियतीकडून त्याच्याच दुसऱ्या नियतीकडे जात आहोत. त्यांनी उंटांच्या मालकाचे उदाहरण दिले : दरीची एक बाजू हिरवीगार आणि दुसरी ओसाड असेल, तर जनावरे कोठेही चारली तरी ती अल्लाहच्या नियतीनेच चरतील. त्यानंतर आदरणीय अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आले आणि त्यांनी हदीस सांगितली की जेथे महामारी असेल तेथे जाऊ नये आणि आपण असू तेथे ती आली तर तेथून पळून जाऊ नये. खलीफांनी अल्लाहची स्तुती केली आणि ते माघारी वळले.

या प्रसंगातून तीन धडे मिळतात. जाणकारांचा सल्ला घेतला गेला. मतभेद झाले, पण कोणी कोणाला भ्याड किंवा निष्काळजी म्हटले नाही. आणि सल्ल्यानंतर निर्णय घेतला गेला, तो अधांतरी ठेवला गेला नाही. टाळेबंदी लांबवावी असे म्हणणारा तज्ज्ञ आणि ती सैल करावी असे म्हणणारा तज्ज्ञ, दोघेही प्रामाणिक असू शकतात. त्यांच्या हेतूंवर शंका घेण्याची घाई आपण करू नये.

आता दुसरे संकट पाहू. दुष्काळात उपासमार झालेले वाळवंटातील लोक मदीनेभोवती येऊन राहिले. खलीफांनी त्यांच्यासाठी अन्न शिजवून वाटण्याची व्यवस्था केली आणि प्रांताधिकाऱ्यांना धान्य पाठविण्याविषयी लिहिले. इतिहासकार तबरी यांच्या नोंदीनुसार धान्याने लादलेले उंट घेऊन सर्वप्रथम पोहोचले ते शामचे अबू उबैदा (रजि.). हेच अबू उबैदा (रजि.) पुढे अमवासच्या महामारीत शहीद झाले. लोकांना मिळेपर्यंत तूप आणि मांस चाखणार नाही, अशी प्रतिज्ञा खलीफांनी केली होती. तेल आणि भाकरी खाऊन त्यांचा वर्ण पालटला. दुष्काळात जकातची वसुली त्यांनी पुढे ढकलली आणि भुकेपोटी चोरी करणाऱ्याची शिक्षा थांबविली.

या दोन्ही घटना एकत्र ठेवून वाचाव्यात. ज्या खलीफांनी रोगामुळे प्रवास थांबविला, त्यांनीच भुकेल्यांच्या दारी अन्न पोहोचविले. पुढे महामारी ओसरल्यावर ते शामला गेले आणि मृतांच्या वारसाहक्काचे खोळंबलेले प्रश्न त्यांनी मार्गी लावले. त्यांच्या कारभारात थांबण्याचा आदेश आणि भाकरीची जबाबदारी ही दोन्ही एकाच हाताची कामे होती.

थांबविणाऱ्यावर थांबलेल्याचा हक्क

फिकहच्या विद्वानांनी काही सर्वसाधारण नियम तयार केले आहेत. उस्मानी काळात १८६९ ते १८७६ या वर्षांत संकलित झालेल्या ‘मजल्ला’ या कायदेसंहितेच्या प्रारंभीच ते एकत्रित दिलेले आहेत. त्यांपैकी दोन नियम आपल्या प्रश्नाचा गाभा उलगडून दाखवितात.

पहिल्या नियमाचा आशय असा : सर्वांची हानी टाळण्यासाठी काहींची हानी सहन केली जाऊ शकते. महामारीत दुकाने, यंत्रमाग, बाजार काही काळ बंद ठेवण्याचा आधार हाच आहे.

येथेच अनेक लोक थांबतात. दुसरा नियम मात्र तितकाच महत्त्वाचा आहे. त्याचा आशय असा की निकडीमुळे एखादी कृती क्षम्य ठरली, तरी त्यामुळे दुसऱ्याचा हक्क नष्ट होत नाही. याचे पुस्तकी उदाहरण भुकेने मरणाऱ्या माणसाचे आहे. त्याने जीव वाचविण्यासाठी दुसऱ्याचे अन्न घेतले तर त्याच्यावर पाप नाही. परंतु त्या अन्नाची किंमत त्याने मालकाला पुढे चुकती करावयाची आहे. आता हाच नियम समाजाला लावून पाहावा. समाजाने आपला जीव वाचविण्यासाठी मजुराची रोजी थांबविली. निकड होती, म्हणून त्यात पाप नाही. पण त्या रोजीची भरपाई समाजाच्या डोक्यावर कर्ज म्हणून उरते. तिला केवळ दान म्हणणे योग्य नव्हे. ती थांबलेल्याची आपल्याकडील बाकी आहे.

प्रेषितांनी (स.) सांगितलेल्या नौकेच्या दृष्टान्ताकडेही याच दृष्टीने पाहावे. एका नौकेत काही लोक वरच्या मजल्यावर आणि काही खालच्या मजल्यावर आहेत. खालच्यांना पाण्यासाठी वर यावे लागते. वरच्यांना त्रास नको म्हणून ते आपल्याच भागात छिद्र पाडण्याचा विचार करतात. वरच्यांनी त्यांना तसे करू दिले तर सर्व बुडतील, त्यांचा हात धरला तर सर्व वाचतील. आपण या दृष्टान्तातील ‘हात धरणे’ लक्षात ठेवतो. पण खालच्या लोकांची तहान खोटी होती काय? पाणी तर त्यांना हवेच होते. वरच्या मजल्यावरून पाणी खाली पोहोचत राहिले, तर छिद्राचा विचारच कोणाच्या मनात येणार नाही. त्या टाळेबंदीत वरच्या मजल्यावर ते होते ज्यांचा पगार घरबसल्या खात्यात जमा होत होता.

मुंबईतील धारावी हे याचे जिवंत उदाहरण आहे. सुमारे अडीच चौरस किलोमीटरच्या या वस्तीत लाखो लोक राहतात. एकेका खोलीत आठ-दहा माणसे आणि सार्वजनिक शौचालये, तेथे अंतर कसे राखणार? १ एप्रिल रोजी तेथे पहिला रुग्ण आढळला तेव्हा सर्वांना मोठ्या विध्वंसाची भीती वाटली. परंतु पालिकेचे कर्मचारी, आरोग्यसेविका आणि खाजगी डॉक्टर घरोघरी गेले, तापाच्या रुग्णांची तपासणी झाली, शाळा आणि सभागृहांत विलगीकरणाची सोय झाली. त्याचबरोबर अन्नाची पाकिटे आणि शिधा घरोघरी पोहोचविण्यात आला. जूनमध्ये तेथील नवे रुग्ण लक्षणीयरीत्या घटले. गरीब माणूस बेशिस्त असतो, हा आरोप धारावीने खोटा ठरविला. अन्नाची आणि विलगीकरणाच्या जागेची हमी मिळाली, तेव्हा लोक थांबले.

आपल्या घरापुरते काय?

शासनाचे निर्णय शासन घेईल. पण अल्लाहसमोर आपल्याला आपल्या कक्षेतील गोष्टींचा जाब द्यावयाचा आहे. शटर उघडण्यापूर्वी किंवा घराबाहेर पाऊल टाकण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हे काम जरूरियातपैकी आहे, हाजियातपैकी आहे की केवळ हौस? याचा धोका मी स्वतः पत्करत आहे, की ज्याला नकार देता येत नाही अशा नोकरावर किंवा घरातील वृद्धांवर तो ढकलत आहे? आणि तो धोका कमी करण्याचा खर्च मी करावयास तयार आहे काय?

आपण दुकानदार असाल, तर गिऱ्हाइकांमधील अंतर, हवा खेळती ठेवणे, नोकरांना मास्क आणि साबण पुरविणे या गोष्टी आपल्या व्यवहाराचाच भाग समजाव्यात. नोकराला ताप आला तर त्याची रजा आणि त्या दिवसांची मजुरी दोन्ही द्यावी. मजुरी कापली जाईल या भीतीनेच आजार लपविला जातो. धान्याच्या ढिगात हात घालून खालचे धान्य ओले असल्याचे प्रेषितांनी (स.) उघड केले होते आणि ते वर का ठेवले नाही, असे व्यापाऱ्याला विचारले होते. दुकानातील आजार गिऱ्हाइकापासून लपविणे हे ओले धान्य ढिगाखाली दडविण्यासारखेच आहे. टंचाईचा लाभ घेऊन साठेबाजी करणाऱ्यालाही प्रेषितांनी (स.) पापी ठरविले आहे.

आपण यंत्रमागाचे किंवा कारखान्याचे मालक असाल, तर मालेगाव आणि भिवंडीचे दृश्य आठवावे. खटखट थांबली आणि परगावच्या कारागिरांनी गाठोडी उचलली. घामाचे मोल घाम वाळण्यापूर्वी देण्याची शिकवण आपण जाणतो. ज्यांची जुनी मजुरी थकली आहे, त्यांची ती प्रथम चुकती करावी. माग पुन्हा सुरू करताना पाळ्या विभागाव्यात, म्हणजे एका छताखाली गर्दी होणार नाही. आपण घरमालक किंवा सावकारी उधारीचे धनी असाल, तर अडचणीतील ऋणकोला सवड देण्याची आणि शक्य असल्यास सूट देण्याची शिकवण सूरह अलबकरामध्ये (आयत २८०) आहे. तिच्यावर अंमल करण्याची ही वेळ आहे.

जकातविषयी दोन गोष्टी. हनफी आणि शाफई या दोन्ही मजहबांत निसाबधारकाने वर्ष पूर्ण होण्यापूर्वी जकात आगाऊ देणे वैध मानले गेले आहे. म्हणून पुढील रमजानची वाट पाहू नये. भूक रमजानची वाट पाहत नाही. दुसरे असे की जकातच्या आठ हकदारांत कर्जात बुडालेल्यांचाही समावेश आहे. काल जो हातगाडीवाला किंवा छोटा दुकानदार स्वतः फित्रा देत होता, तो आज कर्जापायी हकदार झालेला असू शकेल. तो मागावयास येणार नाही. त्याला शोधून, त्याची अब्रू राखून, छायाचित्र न काढता ती पोहोचवावी. आणि ऐच्छिक सदका देताना शेजाऱ्याचा धर्म विचारू नये.

भीतीनेही अन्याय घडतो, हे आपल्या समाजाइतके त्या वर्षी कोणी अनुभवले असेल? रोगाचे खापर एका समाजावर फोडले गेले आणि कित्येक ठिकाणी भाजीविक्रेत्यांना नाव विचारून गल्लीतून परत पाठविण्यात आले. ज्याने हा अन्याय सोसला आहे, त्याने तोच अन्याय दुसऱ्यावर करू नये. आपल्या इमारतीतील रुग्णाच्या कुटुंबाला वाळीत टाकणे, गावी परतलेल्या मुंबईकराला वेशीवर अडवून उपाशी ठेवणे, हा त्याच अन्यायाचा दुसरा चेहरा आहे. अंतर देहांत असावे. रुग्णाच्या दारी डबा ठेवून लांबून सलाम करता येतो.

कुरबानी ज्यांच्यावर अनिवार्य आहे, त्यांनी ती अवश्य करावी. पण बाजारातील गर्दी, घरातील सर्वांनी मिळून जनावर पाहण्यास जाणे, मेजवान्यांची रेलचेल, या गोष्टी कुरबानीचा भाग नाहीत. मांसाचा वाटा प्रथम त्या घरी जावा जेथे मजुरी आलेली नाही.

एखादी महामारी किती काळ राहील, हे अल्लाहच जाणतो. दारे कधी उघडतील, कधी पुन्हा बंद होतील. प्रत्येक वेळी तराजू हाती धरताना एक गोष्ट विसरू नये : ज्याला आपण थांबविले त्याची भाकरी आपल्यावर आहे, आणि ज्याला आपण कामावर बोलाविले त्याचा जीव आपल्यावर आहे. दोन्ही अमानती आहेत आणि दोन्हींचा हिशेब द्यावयाचा आहे.

हे अल्लाह! भुकेल्यांना अन्न दे आणि भयभीतांना अभय दे. रुग्णांना आरोग्य दे, दिवंगतांना आपल्या कृपेत स्थान दे, त्यांची सेवा करणाऱ्यांचे रक्षण कर. आमच्या हातून कोणाचा जीव आणि कोणाची रोजी धोक्यात येऊ देऊ नकोस. आमीन.